सुकडी ते थालीपीठ: बालवाडीच्या डब्याची पार्श्वभूमी

जूनमध्ये बालवाडी उघडली की पालकांच्या हातात एक चिठ्ठी पडते. सोमवारी पोहे, मंगळवारी मोडाची उसळ, बुधवारी थालीपीठ, गुरुवारी फळ, शुक्रवारी नाचणीचं काहीतरी. खाली ठळक अक्षरात: बिस्किटं, वेफर्स, मॅगी देऊ नये. आमच्या गल्लीत ही चिठ्ठी वाचून एक आजी म्हणाल्या, "आमच्या येळंला मास्तर पाढं इचारायचं, आता डबा इचारत्यात." आजींचं चुकलं नाही, पण पोराच्या पोटात शाळेनं लक्ष घालणं तितकंसं नवंही नाही.

1917 साली शाहू महाराजांनी करवीर म्हणजे आमच्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याची सुरुवात शहराजवळच्या चिखलीत झाली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड होता. शेरडांमागं फिरणारं पोर वर्गात बसलं, पण त्याची भाकरी मात्र घरचीच राहिली. फडक्यात बांधलेली, वर चटणी आणि कांदा. तीन-चार वर्षांची धाकटी भावंडं तर या हिशेबात नव्हतीच. ती थोरल्या बहिणीच्या कडेवर नाहीतर बांधावर असायची.

त्यांच्यासाठी शाळेचा विचार रुजवला ताराबाई मोडक यांनी. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. पुढं अनुताई वाघ यांच्यासोबत हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेलं. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं हाही तिथं शिकवण्याचाच भाग होता. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्रानं एकात्मिक बालविकास योजना आणली. देशभरातल्या 33 प्रकल्पांपासून तिची सुरुवात झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी कागदावर आला. सहा वर्षांखालच्या मुलाला पूरक आहार देणं सरकारचं काम ठरलं. 2009 मध्ये त्याचं माप रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं असं ठरलं.

पण त्याआधीची, दुष्काळात शाळेत वाटलेली सुकडी विसरता येत नाही. 1972 च्या दुष्काळाची खरी झळ मराठवाडा, सोलापूर, नगरकडं लागली. तरी सुकडी म्हटलं की आमच्याकडच्या साठीतल्या माणसांचेही डोळे चमकतात. भाजलेल्या पिठात गोड घातलेलं, कोरडं खाणं. तोबरा भरला की टाळ्याला चिकटायचं आणि मग बोलताना समोरच्याच्या अंगावर उडायचं. निम्मं तिथं खायचं, निम्मं खिशात घालून घरी न्यायचं. त्याच काळात परदेशी मदतीची दूध पावडरही बऱ्याच शाळांत पोचली होती. जिथं गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध समोर पिळून मिळतं, त्या गावाला पावडरीचं काय कौतुक, असं कुणीही म्हणेल. कट्ट्यावरचं दूध पैसे देऊन मिळायचं आणि शाळेतलं फुकट, एवढाच फरक होता. पण ज्याच्या घरी म्हैस नव्हती त्याला तो मोठा होता.

मला यात एक गोष्ट खटकत आली आहे. पोरांना काय खायला घालायचं, याचं उत्तर दरवेळी पोत्यातून नाहीतर पाकिटातून आलं. जिल्ह्यात गुऱ्हाळं, पूर्वेला शेंगा, गगनबावडा-राधानगरीकडं नाचणी. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आणि तरी मधली तीस-चाळीस वर्षं नाचणीची भाकरी डब्यात आली की पोरं झाकण अर्धंच उघडायची, शेजारचा बघेल म्हणून. मॅगी भारतात 1983 मध्ये आली आणि मग तर भाकरीची लाज पुरी झाली. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा हीच नाचणी कुकीज होऊन परत आली. त्यातल्या बऱ्याच पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली तर पहिला शब्द मैदाच दिसतो.

गुळाचेही फार गोडवे गाऊ नयेत. दाताला साखर काय न् गूळ काय, सारखंच. आणि अख्खे शेंगदाणे-फुटाणे चार-पाच वर्षांखालच्या पोराला देऊच नयेत, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून लाडू वळला की प्रश्न मिटतो.

मोठ्या मुलांच्या खिचडीचा इतिहास कोर्टातून येतो. 1995 मध्ये महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळायचं. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण द्या म्हणून सांगितलं. 2017 मध्ये राज्यानं शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवायला सांगितलं. 2020 च्या केंद्रीय नियमानं जास्त चरबी, मीठ, साखरेच्या पदार्थांची विक्री शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत बंद केली. 50 मीटर म्हणजे किती, हे बोरं-चिंचांच्या शेजारी बॉबीच्या माळा टांगणाऱ्या गाड्यावाल्याला पक्कं ठाऊक असतं. 2023 च्या अखेरीस शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, आणि 2025 च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबला.

खासगी बालवाडी यातल्या कुठल्याच आहार योजनेत बसत नाही. तिथं ती चिठ्ठी हाच कायदा. आमच्या ओळखीच्या एका बालवाडीतल्या ताई सांगतात, की डबा पौष्टिक आहे की नाही हे नंतर. आधी तो वीस मिनिटांत, स्वतःच्या हातानं संपला पाहिजे. सकाळचं उप्पीट साडेदहाला वीट होतं. अख्खं थालीपीठ पोर नुसतं कुरतडतं. तेच बोटभर लांब कापून दिलं, की दोन तुकडे शेजारच्याला जातात आणि शेजारच्या डब्यातला पेरू इकडं येतो. म्हणून यंदा चिठ्ठीत त्यांनी एक ओळ वाढवली आहे: "जरा जास्तीचं द्या."