अध्ययन-उद्दिष्टे, महाविद्यालयीन अभ्यासक्रमातील

अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याला काय कळलेले असावे व काय करता यावे, याचे आखणीच्या वेळीच केलेले विधान. ध्येय व्यापक असते. उद्दिष्ट पडताळण्याजोगे असावे लागते. ‘वनस्पतिरोगांचे महत्त्व पटणे’ हे ध्येय. ‘संत्र्याच्या खोडाचा नमुना पाहून डिंक्या रोगाची लक्षणे ओळखणे व त्यांचा फायटोफ्थोरा या बुरशीसदृश रोगकारकाशी संबंध जोडणे’ हे उद्दिष्ट.

या कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ती इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांच्या १८५९ च्या निबंधापर्यंत मागे नेतात. परंतु तेथे कोणते ज्ञान अधिक मोलाचे याचा विचार आहे, उद्दिष्टे लिहिण्याचे तंत्र नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँकलिन बॉबिट यांनी (१९१८, १९२४) प्रौढांच्या नित्य व्यवहारांचे पृथक्करण करून उद्दिष्टांच्या लांबलचक याद्या सिद्ध केल्या. त्यांना आद्य प्रवर्तक मानण्यास आधार आहे. तरीही उद्दिष्ट, अध्ययनानुभव व मूल्यमापन यांची सांगड राल्फ टायलर यांनी (१९४९) घातली, म्हणून प्रचलित पद्धतीचे श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक (विचार व ज्ञानाशी संबंधित) क्षेत्राच्या ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन अशा सहा पायऱ्या मांडल्या. २००१ च्या सुधारित मांडणीत नामांच्या जागी क्रियापदे आली आणि ‘निर्मिती’ सर्वांत वर गेली. रॉबर्ट मेगर यांनी (१९६२) कृती, परिस्थिती व निकष हे तीन घटक आवश्यक मानले. साहित्य-इतिहासासारख्या विषयांत ही चौकट अपुरी पडते, हा आक्षेप रास्त आहे.

ब्लूम १९५७ मध्ये परीक्षा-सुधारणेच्या कामासाठी भारतात आले. बी.एड्.च्या पाठ टाचणातील ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ हे रकाने साधारणपणे त्यानंतरच्या काळात रुळले असावेत. महाविद्यालयांत मात्र हा विचार बराच उशिरा, मूल्यांकन व अधिस्वीकृतीच्या (दर्जा तपासून मान्यता देण्याच्या) निमित्ताने पोहोचला. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा) पूर्ण सदस्य झाल्यावर अभियांत्रिकीत ‘सीओ-पीओ (कोर्स आउटकम-प्रोग्रॅम आउटकम) मॅपिंग’ अंगवळणी पडले : प्रत्येक विषयाची निष्पत्ती पदवीच्या निष्पत्तीशी किती जुळते, हे १, २ किंवा ३ या अंकाने तक्त्यात भरायचे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी (स्था. १९२३) संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम अभ्यास मंडळाकडून येतो, त्यामुळे प्राध्यापकाच्या हाती मुख्यतः घटकवार नियोजन व अंतर्गत गुण उरतात. नागपुरातील स्वायत्त महाविद्यालयांना अभ्यासक्रम स्वतः आखता येतो. तेथे आधी उद्दिष्टे, मग प्रश्नपत्रिकेचा आराखडा व शेवटी घटक असा क्रम शक्य होतो. प्रत्यक्षात घटक आधी ठरून क्रियापदे मागाहून बसवली जाण्याकडे सर्वत्रच कल दिसतो.