पार्श्वभूमी : हायवॉलमधला उरलेला कोळसा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत कोळशाचा थर जिथे उघडा पडला तिथून कडेकडेने डोंगर कापत जात. वरची माती-दगड उपसणं परवडेनासं झालं की काम बंद. मागे राहायचा उभा कडा, हायवॉल, आणि त्याच्या बुडाशी कोळशाची काळी पट्टी. 1940च्या दशकात त्यात ऑगर घुसले. हे म्हणजे सुताराचं गिरमिटच, फक्त अवाढव्य. भोकं गोल पडत, त्यामुळे वरखालचा आणि दोन भोकांमधला कोळसा जागीच राही.

खरा गुंता झाला 1977च्या अमेरिकी खाणकायद्याने. डोंगर ‘जवळपास मूळ उतारावर’ आणायचा, हायवॉल ठेवायची नाही. नव्या खाणींपुरतं ते ठीक होतं. पण आधीच्या पडीक कड्यांचं काय? कोळशापायी तिथे जो हात घालेल त्याच्या गळ्यात सगळा कडा बुजवायचं काम येणार, आणि त्यासाठी लागणारी माती तर कधीच उतारावरून खाली ढकललेली. पुढे नियमांत वाट काढली : ‘वाजवीपणे उपलब्ध’ भराव पुरत नसेल, तर तांत्रिकदृष्ट्या जमेल तेवढाच कडा बुजवा. ‘वाजवी’ कोण ठरवणार यावर वाद झालेच, पण ही सवलत नसती तर त्या कड्यांकडे कुणी फिरकलं असतं असं वाटत नाही. जुन्या खाणींतून आधीच पाझरणाऱ्या दूषित पाण्याबाबतही 1987मध्ये अशीच ढील मिळाली.

नंतर ऑगरच्या जोडीला हायवॉल मायनर हे यंत्र आलं. माणूस बाहेर केबिनमध्ये, कापणारं डोकं हजार फुटांपर्यंत आत. भोक चौकोनी, म्हणून कोळसा जास्त निघतो. छताचा अंदाज गॅमा सेन्सर देतो : कोळशावरच्या शेल या चिकणमातीच्या खडकातून नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त येतो, कोळशातून कमी. आकडा चढू लागला की वर कोळसा पातळ उरलाय असं समजायचं. दोन भोकांमधला खांब किती जाड ठेवायचा यावरच किती कोळसा हाती लागणार ते ठरतं. खांब बारीक केला तर कडा खचून यंत्र आत गाडलं जाण्याची भीती. जुनी ऑगरची भोकं नकाशावर नसली तर तीही आडवी येतात, कधी पाण्याने भरलेली.

भारतात ही पद्धत 2010नंतर मध्य प्रदेशातल्या सोहागपूर कोळसा क्षेत्रात आली. वरची जमीन संपादित न करता तिच्याखालचा कोळसा मिळतो, हे इथलं मोठं आकर्षण.