दाहिनीचं दार बंद होण्याआधी

पुरलेला मृतदेह संशय आला तर उकरून पुन्हा तपासता येतो. दहनानंतर ती सोय राहत नाही. दाहिनीतून बाहेर येणाऱ्या अस्थींत बहुतेक विषांचा माग लागत नाही आणि ओळख पटवण्याजोगा डीएनएही सहसा मिळत नाही. त्यामुळे दहनाचे नियम मुख्यतः दार बंद होण्याआधीच्या गोष्टींचे आहेत: मृत्यूचं कारण डॉक्टरांनी लेखी दिलेलं हवं, ओळख पटलेली हवी, मृत्यू संशयास्पद असेल तर शवविच्छेदन आणि तपास यंत्रणेची परवानगी हवी. घाईत असलेल्या नातेवाइकांना हा कागदांचा जाच वाटतो, पण इथे राहिलेली चूक नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

आता आतल्या भागाकडे. मुख्य कक्ष उष्णतारोधक विटांचा असतो आणि तो साधारण ७५० ते ९५० अंश सेल्सिअसवर चालतो. ७० किलोच्या शरीरात सुमारे ४० किलो पाणी असतं. ते तापवून त्याची वाफ करायलाच जवळपास १०० मेगाज्यूल उष्णता लागते. उलट शरीरातली १० किलो चरबी जळताना साधारण ३८० मेगाज्यूल देते. म्हणजे हिशेबाने शरीर स्वतःच्या इंधनावर जळू शकतं. अडचण क्रमाची आहे: पाणी आधी जायला हवं. म्हणून सुरुवातीला बर्नर जोरात लागतो आणि एकदा चरबीने पेट घेतला की तो कमी करून चालक फक्त हवा सांभाळतो. एकूण काम दीड तासाच्या आसपास होतं.

हवा सांभाळणं हीच खरी कसोटी. मृतदेह फार स्थूल असेल तर चरबी वितळून तळाशी साचते आणि एकदम भडकते. तेवढा ऑक्सिजन पुरत नाही, चिमणीतून काळा धूर येतो, कधी धूरवाटेतच आग लागते. असं दहन जाणता चालक दिवसाच्या सुरुवातीला, भट्टी कमी तापलेली असताना घेतो. न जळलेले वायू पुढे दुसऱ्या कक्षात जातात. तिथे ते निदान ८५० अंशांवर दोन सेकंद तरी राहावेत, असा नियम अनेक देशांत आहे. पुढे गाळणीआधी ते झपाट्याने थंड करावे लागतात, कारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळले तर डायॉक्सिन ही विषारी रसायनं पुन्हा तयार होतात. दातांत भरलेल्या अमाल्गम या मिश्रधातूचा जवळपास निम्मा भाग पारा असतो आणि तो ३५७ अंशांनाच उकळतो. त्याला अडवायला सक्रिय कोळशाची गाळणी लागते.

पेसमेकर मात्र आधी काढायलाच हवा. तापलेल्या भट्टीत त्याची लिथियम बॅटरी काही मिनिटांत फुटते, विटा उखडतात आणि झरोक्यातून पाहणाऱ्या चालकाला इजा होऊ शकते. छातीच्या कातडीखालचं हे यंत्र छोटीशी चीर देऊन निघतं. अलीकडे कर्करोगावर किरणोत्सारी औषधंही दिली जातात. ती शेवटच्या काही आठवड्यांत दिली असतील तर दाहिनीला कळवणं तितकंच गरजेचं. कृत्रिम सांधे राहिले तरी चालतात. टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं, भट्टी तिथवर जातच नाही.

दहनानंतर उरते त्याला आपण राख म्हणतो, पण ते मुख्यतः हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट असतं. हाडाचा सेंद्रिय भाग आधी काळा पडतो, मग करडा होतो आणि पूर्ण जळाला की हाड खडूसारखं पांढरं, ठिसूळ होतं. काळा तुकडा दिसला तर दहन अजून बाकी आहे. थंड झाल्यावर लोखंड चुंबकाने, बाकी धातू हाताने वेचतात आणि गरजेप्रमाणे हाडं चक्कीत दळतात. हे सारं दोन-तीन किलो भरतं. वजन ठरतं ते सांगाड्यावरून, जाडीवरून नव्हे. ही पूड क्षारयुक्त असते. एकाच रोपाच्या बुंध्याशी ढीग ओतला तर रोप मरतं.

एका वेळी एकच मृतदेह आणि आधीच्या अस्थी पूर्ण ओढून घेतल्याशिवाय पुढचा नाही, हा नियम काटेकोर असतो. तरी विटांच्या फटींत काही कण राहतातच. नंबर कोरलेली, न जळणारी चकती बरोबर आत ठेवली आणि अस्थी देताना कागदाशी ताडली की अदलाबदलीची शक्यता फार कमी होते.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत सर्वांत जास्त जपावं लागतं. त्यांच्या हाडांत खनिज कमी, आणि नेहमीच्या जोराची हवा सोडली तर जे थोडं उरतं तेही उडून जातं. म्हणून बाळाला ताटात ठेवून, हवा कमी करून, हळूहळू तापवत नेतात. तरीही कधी हातात देण्यासारखं काहीच उरत नाही, आणि हे आईवडिलांना आधीच, दार बंद होण्यापूर्वी सांगायला हवं.