हृदयगती-चलता : नाडीसंकेतावरून मापन

हृदयाच्या लागोपाठच्या दोन ठोक्यांमधले अंतर निरोगी माणसातही ठोक्यागणिक थोडे कमीजास्त होते. या कमीजास्तपणाला हृदयगती-चलता म्हणतात. दवाखान्यात आणि व्यायामशाळेत ‘एचआरव्ही’ हेच नाव रुळले आहे. तिचे प्रमाण मापन ईसीजीतील दोन आर-शिखरांमधला (ठोक्यागणिक उठणाऱ्या टोकदार शिखरांमधला) काळ मोजून होते. बोट, मनगट किंवा कानाची पाळी येथील नाडीतरंगावरून हेच काम करण्याच्या पद्धतीचा विचार या नोंदीत आहे. नाडीवरून मिळणाऱ्या राशीला काही अभ्यासक ‘नाडीगती-चलता’ असे वेगळे नाव देतात. प्रस्तुत नोंदकाराला ते अधिक नेमके वाटते.

नाडीच्या चालीवरून प्रकृती ओळखण्याची परंपरा आपल्याकडे किती जुनी, याबद्दल एकमत नाही. चरक-सुश्रुतांच्या संहितांत ‘नाडी’ हा शब्द नळी, वाहिनी, वाहते व्रण अशा अर्थांनी येतो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, शरीराच्या सतत स्फुरणाऱ्या जागांचे स्फुरण थांबणे हे अरिष्टलक्षण (मृत्यूची चाहूल देणारी खूण) म्हणून सांगितले आहे. काहीजण नाडीपरीक्षेचे मूळ तेथे पाहतात. परंतु जीव आहे की नाही हे पाहणे वेगळे आणि चालीवरून दोष ठरवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची स्पष्ट मांडणी शार्ङ्गधरसंहितेत सापडते. तिचा काळ साधारणपणे तेरावे-चौदावे शतक मानतात. वातात जळू-सापाची, पित्तात कावळा-बेडकाची, कफात हंस-पारव्याची चाल, आणि थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक, असे तिच्यात म्हटले आहे. ही विद्या युनानी हकिमांच्या संपर्कातून आली की स्वतंत्रपणे घडली, यावर दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे. प्राण्यांच्या चालीच्या उपमा (मुंगी, हरिण) ग्रीक वैद्य गेलेन आणि त्याच परंपरेतले हकीम इब्न सीना यांच्या नाडीविचारातही येतात, ही गोष्ट संपर्काच्या पक्षाला बळ देते. त्रिदोषांची चौकट मात्र इथलीच. या वैद्यांना एचआरव्ही ठाऊक होती, असे हल्ली जाहिरातींत वाचायला मिळते. अनियमित नाडी बोटाला कळते हे खरे, पण पन्नास मिलिसेकंदांचा फरक बोटाला कळत नाही.

यंत्रयुगात स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या रक्तदाबावरील निरीक्षणे १७३३ मध्ये प्रसिद्ध केली. श्वासागणिक नाडीचा वेग बदलतो हे कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये कायमोग्राफवर (फिरत्या पिंपावर आलेख काढणाऱ्या यंत्रावर) आलेखून दाखवले. मारे यांचा नाडीलेखक १८६० च्या सुमाराचा. प्रकाशीय पद्धतीचे (फोटोप्लेथिस्मोग्राफी, पीपीजी) श्रेय बहुधा सेंट लुइसच्या आल्रिक हर्ट्झमन यांना (१९३७–३८) दिले जाते. मोलिटर व क्नियाझुक यांचे तशाच तत्त्वावरचे काम १९३६ चे असल्याने ‘पहिले कोण’ हा वाद उरतोच. पद्धत शास्त्रशुद्धपणे तपासून घेण्याचे काम मात्र प्रामुख्याने हर्ट्झमन यांचे, असे म्हणणे सुरक्षित ठरेल. चलतेचे वैद्यकीय महत्त्व बरेच नंतर कळले. १९६० च्या दशकात हॉन व ली यांनी गर्भाच्या हृदयगतीबाबत ते नोंदवले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर चलता घटलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका अधिक असतो हे क्लायगर आदींनी १९८७ मध्ये दाखवले. युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने १९९६ मध्ये ठरवलेली मानके अजून प्रमाण धरली जातात.

पीपीजीत त्वचेवर प्रकाश टाकतात. प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त वाढले की तो अधिक शोषला जातो. बोटावरच्या चिमट्यात लाल व अवरक्त प्रकाश असतो, मनगटी घड्याळात बहुधा हिरवा. तो फार खोल जात नाही आणि हालचालीने त्यामानाने कमी बिघडतो. मिळालेल्या तरंगातील एकच ठरावीक बिंदू प्रत्येक वेळी पकडावा लागतो. शिखर गोलसर असल्याने ते डगमगते. म्हणून चढाचा पायथा किंवा सर्वांत तीव्र चढाची जागा घेणे बरे. उतरणीवरच्या दुय्यम उंचवट्याला ठोका समजण्याची चूकही नेहमीची.

उदाहरणादाखल पाच ठोक्यांमधली अंतरे ८१२, ८४५, ७९८ आणि ८६० मिलिसेकंद धरू. सरासरीने नाडी मिनिटाला सुमारे ७२ भरते. शेजारच्या अंतरांतील फरक ३३, ४७ आणि ६२; त्यांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ सुमारे ४९. हीच आरएमएसएसडी ही राशी. आता सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या मोबाइल कॅमेऱ्यावर बोट ठेवले, तर दोन चित्रांमध्येच ३३ मिलिसेकंद जातात. मधले बिंदू गणिताने भरून काढल्याशिवाय अशा मापनाला अर्थ नाही.

खरी अडचण नाडी आणि हृदय यांच्यामधल्या वाटेची आहे. ईसीजीतील आर-शिखरानंतर झडप उघडायला काही वेळ जातो, मग तरंग धमन्यांतून बोटापर्यंत येतो. एकूण सेकंदाचा पाचवा-चौथा भाग. हा वेळ स्थिर असता तर वजाबाकीत निघून गेला असता. पण रक्तदाब, श्वास आणि धमनीचा ताण यांबरोबर तो बदलतो, आणि त्याची भर चलतेत पडते. पेसमेकरमुळे ठोके ठरावीक अंतराने पडणाऱ्या रुग्णांतही नाडीत श्वासागणिक चलता दिसते, असे कॉन्स्टंट आदींनी १९९९ मध्ये दाखवले. हृदयात जवळजवळ नसलेली चलता नाडीत सापडते, ती या वाटेतली. विश्रांतीत बसलेल्या निरोगी, तरुण व्यक्तींत दोन्ही आकडे पुरेसे जुळतात; व्यायामात व मानसिक ताणात जुळणी ढिली होते. अकाली पडलेला ठोका क्षीण असेल तर मनगटापर्यंत पोचतच नाही, आणि यंत्राला एक दुप्पट लांब अंतर दिसते. अशी अंतरे वगळून मगच आकडेमोड करावी.

ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी ऋतूचाही हिशेब ठेवावा लागतो. जानेवारीत लष्कर भागातल्या जुन्या वाड्याच्या दगडी खोलीत सकाळी बोटाला चिमटा लावला, तर पडद्यावरचा तरंग पुष्कळदा चपटा होऊन बसतो. थंडीने बोटातल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. जुन्या माणसांच्या भाषेत ‘नाडी लागत नाही’. चहाचा पेला दोन्ही हातांत थोडा वेळ धरून ठेवला की तरंग उभा राहतो.

दुसरा घोटाळा गाणाऱ्यांच्या बाबतीत होतो. श्वासाशी निगडित चलता ०.१५ ते ०.४ हर्ट्झच्या (सेकंदाला इतकी आवर्तने) उच्च पट्ट्यात धरतात, म्हणजे मिनिटाला ९ ते २४ श्वास. पहाटे खर्ज भरणारा गायक एकेक स्वर दहा-दहा सेकंद लावतो, तेव्हा त्याचे श्वास मिनिटाला सहावर किंवा त्याखाली येतात. मग सगळी श्वसनजन्य चलता ०.०४ ते ०.१५ हर्ट्झच्या निम्न पट्ट्यात जाते. दोन पट्ट्यांच्या गुणोत्तरावरून ‘ताण’ सांगणारे ॲप अशा वेळी शांत बसलेल्या माणसाला तणावग्रस्त ठरवू शकते. मुळात हे गुणोत्तर अनुकंपी (शरीराला सज्ज करणाऱ्या) व परानुकंपी (शांत करणाऱ्या) चेतासंस्थांचा समतोल दाखवते का, यालाच अनेक शरीरक्रियाशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे; तो पटण्याजोगा आहे. गायकाचे मापन करताना श्वासांची संख्या सोबत लिहून ठेवावी.

मनगटी घड्याळे मुख्यतः झोपेतले किंवा हात स्थिर असतानाचे तरंग वापरतात. त्यांचे आकडे आपसांत ताडून पाहण्यात मात्र गफलत होते. ॲपलचे घड्याळ एसडीएनएन (अंतरांचे प्रमाण विचलन) देते, फिटबिट आरएमएसएसडी देते. एकाच घरातल्या दोन भावांच्या मनगटांवर अशी दोन घड्याळे असतील, तर कोणाची चलता जास्त हे त्यांवरून ठरत नाही.