आभासी यंत्रातील नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी यंत्रात, चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम आणि हायपरव्हायजरने (अशी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) तिच्यापुढे मांडलेले नेटवर्क कार्ड यांना जोडणारा प्रोग्रॅम. हे कार्ड हाताला लागत नाही. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मिळणाऱ्या कार्डाची ती सॉफ्टवेअरने केलेली नक्कल असते, किंवा खरे भावंड कुठेच नसलेले निव्वळ कल्पित कार्ड. ड्रायव्हरच्या अनेक तक्रारी या दोन प्रकारांची गल्लत झाल्याने उद्भवतात.

पहिल्या प्रकारात रिअलटेकचे आरटीएल ८१३९, एएमडीचे पीसीनेट, इंटेलचे ई१००० ही कार्डे येतात. त्यांचे ड्रायव्हर अनेक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीच असतात. मात्र पिढी जुळावी लागते. पीसीनेटचा ड्रायव्हर विंडोज व्हिस्टापासून वगळला गेला, त्यामुळे एक्सपीमध्ये निमूट चालणारे कार्ड पुढच्या विंडोजला ओळखूच येत नाही. दुसऱ्या, म्हणजे पॅराव्हर्च्युअल (आतल्या सिस्टीमला आपण आभासी यंत्रात आहोत हे ठाऊक असलेल्या) प्रकारात व्हर्टिओ, व्हीएमएक्सनेट३ ही कार्डे मोडतात. नकली कार्डाशी होणाऱ्या अनेक व्यवहारांत प्रोसेसरचे नियंत्रण आभासी यंत्रातून बाहेर काढावे लागते. कल्पित कार्ड सामायिक स्मृतीतील रांगांतून काम करून हा खर्च वाचवते.

या दुसऱ्या प्रकाराच्या उगमाबद्दल एकमत नाही. पॅराव्हर्च्युअलायझेशन हा शब्द सामान्यतः वॉशिंग्टन विद्यापीठातील डेनाली प्रकल्पाकडे, साधारण २००२ कडे, नेला जातो. त्याचा प्रसार २००३ मध्ये केंब्रिजच्या झेन या हायपरव्हायजरमुळे झाला. काही अभ्यासक मात्र आयबीएमच्या १९७२ च्या व्हीएम/३७० या आभासी यंत्रांच्या प्रणालीकडे बोट दाखवतात. तिथे आतली सिस्टीम डायग्नोझ या आज्ञेने नियंत्रक प्रोग्रॅमशी थेट बोलत असे. नाव नवे आणि पद्धत जुनी, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. व्हर्टिओ हे रस्टी रसेल यांचे काम. २००८ च्या आरंभी लिनक्स २.६.२४ बरोबर ते सर्वांच्या हाती आले.

दोष शोधताना आधी कार्डाची ओळख पटवावी, ड्रायव्हर पुन्हा घालण्याची घाई करू नये. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा आणि विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधील हार्डवेअर आयडी त्यासाठी पुरतात. उत्पादक क्रमांक १एएफ४ दिसला तर कार्ड व्हर्टिओचे. मॅक पत्त्याची, म्हणजे कार्डाच्या ओळख क्रमांकाची, सुरुवातही बोलकी असते : ०८:००:२७ व्हर्च्युअलबॉक्सची, ००:५०:५६ व्हीएमवेअरची, ५२:५४:०० बहुधा क्यूईएमयूची. विंडोजमध्ये 'कोड २८' म्हणजे ड्रायव्हरच नाही. तो उतरवून घ्यायला नेट हवे आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, अशी कोंडी होते; ड्रायव्हरची आयएसओ फाइल आभासी सीडी म्हणून जोडली, किंवा कार्डाचा प्रकार तात्पुरता ई१००० केला, की ती सुटते.

कार्ड बदलल्यावर विंडोजमध्ये जुने कार्ड अदृश्य होऊन मागे राहते आणि स्थिर आयपी पत्ता स्वतःकडेच धरून ठेवते. लपलेली उपकरणे दाखवून ते काढावे लागते. जुन्या लिनक्सची प्रत काढून नवे यंत्र केले, तर यूडेव्हच्या (उपकरणांना नावे देणाऱ्या सेवेच्या) नियमात पूर्वीचा मॅक पत्ता उरतो आणि कार्डाचे नाव ईटीएच० चे ईटीएच१ होते. दोन्हीकडे ड्रायव्हर निर्दोष असतो.

सर्वांत फसवा दोष चेकसम ऑफलोडचा, म्हणजे डेटाच्या पाकिटाची पडताळणीची बेरीज काढण्याचे काम कार्डावर सोपवण्याचा. कार्ड पुढे बेरीज भरेल या भरवशावर ती अपुरी सोडली जाते, पण पाकीट खऱ्या तारेवर जातच नाही. मग डीएचसीपीचे (यंत्राला आयपी पत्ता देणाऱ्या सेवेचे) उत्तर पोहोचूनही काही जुने क्लायंट ते नाकारतात. पिंग चालते आणि मोठी फाइल मात्र अडकते, तेव्हाही ऑफलोडवर संशय घ्यावा. लिनक्समधील ईथटूल या आज्ञेने ऑफलोडचे प्रकार एकेक बंद करून पाहावे, सगळे एकदम नव्हे.

ॲमेझॉनने २०१६ मध्ये आपल्या क्लाउड सेवेचे मुंबई क्षेत्र सुरू केले, तेव्हा तिथली यंत्रे झेनवर चालत. पुढे आलेल्या नायट्रो या नव्या प्रणालीवरील यंत्रांना ईएनए या ॲमेझॉनच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लागतो. झेनवरील टी२ या यंत्रप्रकारावरून नायट्रोवरील टी३ वर जाण्याआधी तो आत घातलेला नसेल, तर यंत्र सुरू होण्यास नकार मिळतो, किंवा ते सुरू होऊनही नेटवर्कवर सापडत नाही. अशा वेळी प्रकार पुन्हा टी२ करून, आत शिरून ड्रायव्हर घालावा लागतो.