टीव्हीचे रंग जुळवायचा निळा फिल्टर : फोन करण्याआधी हे वाचा

"टीव्हीचे कलर सेट करायला ती निळी काच कुठे मिळते हो?" हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो. विचारून घेणाऱ्यांची अडचण नाही. अडचण आहे ती परस्पर कागद आणून रात्री प्रयोग करणाऱ्यांची. सकाळी त्यांचा फोन असतो, "सगळ्यांचे चेहरे लालभडक दिसतायत, पॅनल गेलं वाटतं." पॅनलला काही झालेलं नसतं.

तो कागद म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातला, आकाशकंदिलाचा निळा जिलेटीन पेपर. कंदिलाला उत्तम, फिल्टर म्हणून बाद. दिसायला गर्द निळा असला तरी त्यातून लाल आणि हिरवा उजेडही बऱ्यापैकी पार होतो. मग घोटाळा असा होतो : टीव्हीवर रंगपट्ट्यांचं चित्र (रंग तपासायला वापरतात ते उभ्या रंगीत पट्ट्यांचं चित्र) लावून, फिल्टरमधून बघत, तुम्ही राखाडी आणि निळी पट्टी सारखीच उजळ दिसेपर्यंत मेनूतल्या 'कलर'चा, म्हणजे रंगांच्या गडदपणाचा, आकडा हलवता. राखाडीत लाल, हिरवा, निळा तिन्ही असतात. गळक्या कागदातून तिचा लाल-हिरवाही डोळ्यापर्यंत पोचतो, म्हणून ती जास्त उजळ दिसते. तिला गाठायला निळी वाढवायची, म्हणजे कलर वाढवत न्यायचा. ५० चा आकडा ७० वर जातो, पट्ट्या छान जुळतात आणि बातम्या देणारी बाई उन्हात भाजून आल्यासारखी दिसते.

फिल्टर कुठूनही आणा, आमच्याकडूनही, पण आधी एक चाचणी करा. खोलीत अंधार करून, फिल्टर डोळ्याजवळ धरून पट्ट्या पाहा. पिवळी, हिरवी आणि लाल पट्टी काळी पडली पाहिजे. पिवळी दिसत असेल तर दोन पदर करा. तरीही दिसली तर तो कागद कंदिलालाच लावा. लाल-निळा थ्रीडी चष्माही चालत नाही, त्याच्या निळ्या बाजूतून हिरवा सरळ येतो.

चालतं ते हे : फोटोग्राफीतला कोडॅक रॅटन ४७बी, किंवा नाटकाच्या लाइटवाल्यांकडे मिळणारा ली कंपनीचा १८१ नंबर, काँगो ब्लू. लाइटवालेही त्याला जिलेटीनच म्हणतात, त्यामुळे नुसतं "निळं जिलेटीन" मागू नका, नंबर सांगा. आमच्याकडे दोन पदरी कापून, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला तयार असतो. दुकानातल्या टीव्हीवर पिवळी पट्टी काळी पडताना दाखवूनच देतो. लाल-हिरव्यासह पूर्ण संचही लोक मागतात. कलर आणि टिंट (रंगाची छटा कुठल्या बाजूला झुकते ते) लावायला एकटा निळा पुरतो. जास्तीचे पैसे घालवू नका.

चित्र मात्र पहिली पट्टी राखाडी आणि खाली उलट क्रमाचे छोटे तुकडे असलेलंच घ्या. फिल्टरमधून दोन्ही टोकांच्या पट्ट्या, राखाडी आणि निळी, आपापल्या खालच्या तुकड्यांत मिसळल्या की कलर बरोबर. मधल्या आकाशी आणि राणी कलरच्या मिसळल्या की टिंट बरोबर. एकाने दुसरं थोडं हलतं, म्हणून दोनदा फिरून या.

हे सगळं 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर करू नका. तिथे टीव्ही स्वतःच रंग चढवत असतो, तुम्ही त्याच्याशी भांडत बसाल. मूव्ही किंवा सिनेमा मोड घ्या, आपोआप कॉन्ट्रास्ट बदलणारे पर्याय बंद करा, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट आधी लावा, कलर शेवटी. चित्रही ज्या बॉक्सवरून किंवा स्टिकवरून रोज बघता त्यावरूनच लावा. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयची (बॉक्स किंवा स्टिक जोडायच्या खाचेची) सेटिंग वेगळी असते.

आणि धंद्याला मारक असलं तरी सांगतो : फिल्टर घेण्याआधी तुमच्या टीव्हीचा मेनू उघडून बघा. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांत तज्ज्ञ सेटिंगमध्ये 'आरजीबी ओन्ली मोड' असतो. त्यात ब्लू निवडलं की टीव्हीच फक्त निळा दाखवतो, कुठून गळायचा प्रश्नच नाही. आजकालच्या टीव्हीत मूव्ही मोडचा कलर कारखान्यातूनच बहुधा बरोबर येतो. फिल्टर लावून आकडा दोन-तीन घरांपेक्षा जास्त हलला तर संशय टीव्हीवर नाही, फिल्टरवर घ्या.

"मग तुम्ही घरी येऊन पैसे कशाचे घेता?" असंही विचारतात. फिल्टरने पांढरा रंग लावता येत नाही. पांढरा ६५०० केल्विनच्या (टीव्हीसाठी ठरलेल्या प्रमाण पांढऱ्याच्या) आसपास आहे की निळ्याकडे झुकलाय, हे डोळ्याला कळत नाही, कारण डोळा दहा मिनिटांत कशालाही सरावतो. त्यासाठी रंग मोजायचं मीटर टीव्हीच्या पडद्यावर टेकवून अंधारातून पांढऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने मोजावं लागतं. त्यात दीड-दोन तास जातात. टीव्ही निदान तासभर चालू ठेवलेला हवा, खिडक्यांचे पडदे ओढून अंधार करता येईल अशी वेळ द्या.

प्रयोग करण्याआधी मूळ आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चेहरे लाल झाले तर ते आकडे परत टाका. ते करूनही जमलं नाही, तर फोन करताना तो फोटो पाठवा. निम्म्या वेळा फेरी वाचते, आणि न मारलेल्या फेरीचे पैसे आम्ही घेत नाही.