ॲमोनाइट

शीर्षपाद (माकूळ, ऑक्टोपस यांच्या) वर्गातला नामशेष सागरी मृदुकाय प्राणी. कवच मेंढ्याच्या शिंगासारखे गुंडाळलेले असते. नावही त्यावरूनच पडले: इजिप्तच्या आमोन देवाला मेंढ्याची शिंगे दाखवत. हा गट डेव्होनियन काळात, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी उदयाला आला, म्हणजे डायनोसॉरांच्या फार आधी, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला.

दिसायला तो आजच्या नॉटिलसचा, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या समुद्री प्राण्याचा, भाऊच वाटतो. प्रत्यक्षात त्याचे नाते माकूळ आणि ऑक्टोपस यांच्याशी अधिक जवळचे. कवच उभे चिरले की आत पडद्यांनी पाडलेले कप्पे दिसतात. प्राणी राहायचा फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात. मागच्या कप्प्यांतले पाणी एका बारीक नळीवाटे काढून तिथे वायू भरला जाई आणि कवच तरंगते राही. नॉटिलसमध्ये ही नळी पडद्यांच्या मध्याजवळून जाते, बहुतेक ॲमोनाइटांमध्ये बाहेरच्या कडेने. खरी ओळख मात्र पडद्यांच्या कडांची. नॉटिलसचा पडदा वाटीसारखा साधा. ॲमोनाइटचा कडेला चुण्या घातल्यासारखा. जीवाश्मावरचे कवच निघून गेले की या सांध्यांची रेषा नेच्याच्या पानासारखी उमटलेली दिसते. आरंभीच्या जातींत ती नुसती नागमोडी होती. ज्युरासिकपर्यंत तिची पार नक्षी झाली.

काही जाती नाण्याएवढ्या, तर जर्मनीत सेपेनराड येथे १८९५ मध्ये सापडलेल्या अपुऱ्या कवचाचाही व्यास पावणेदोन मीटरच्या आसपास. सगळ्याच गोल नव्हत्या: बॅक्युलाइट काठीसारखा सरळ, तर निपोनाइट्स म्हणजे दोऱ्याचा गुंताच. मऊ शरीर जीवाश्मात क्वचितच टिकते. पण २०११ मध्ये एका बॅक्युलाइटच्या तोंडात सूक्ष्म प्राण्यांचे तुकडे क्ष-किरणांनी दिसले, म्हणजे निदान काही जाती प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) जगत.

जाती झपाट्याने बदलत आणि दूरवर पसरत, म्हणून खडकांचे वय लावायला हे उत्तम सूचक जीवाश्म. हिमालयात उंचावर सापडणारे ॲमोनाइट तिथे कधीकाळी टेथिस समुद्र होता याचा पुरावा देतात.

पर्मियन व ट्रायासिक या भूशास्त्रीय काळांच्या अखेरचे महाविनाश मूठभर जातींनी पार केले. क्रिटेशस काळाच्या शेवटी, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लघुग्रह आदळला, तेव्हा नॉटिलसचे पूर्वज तगले, ॲमोनाइट नाही. एक पटणारे कारण पिलांचे: ॲमोनाइटचे पिलू जेमतेम मिलिमीटरभर, पृष्ठभागाजवळच्या प्लवकांत वाढणारे, आणि नेमके तेच पाणी उद्ध्वस्त झाले. नॉटिलसचे पिलू मोठ्या अंड्यातून, पिवळ्या बलकाची शिदोरी घेऊनच बाहेर पडते.